धावमार्गाची मोजणी : सायकलचे चाक, पोलादी फीत आणि एक्सेलचा तक्ता

#धागा #क्रीडाइतिहास

१/
२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तीत एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. त्यांच्यासोबत उतरलेले सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरील शर्यती, दोराबजी टाटांचा पुढाकार आणि तेथून निघालेला हा छोटासा चमू यांची कथा मराठी वाचकांना परिचित आहे. आज त्या कथेतील एकाच आकड्याकडे पाहायचे आहे, आणि तो आकडा वेळेचा नाही.

२/
अँटवर्पच्या त्या मार्गाची लांबी ४२.७५ किलोमीटर नोंदलेली आहे. आज आपण ज्याला मॅरेथॉन म्हणतो ते अंतर ४२.१९५ किलोमीटर. म्हणजे चौगुले आजच्या धावपटूपेक्षा ५५५ मीटर अधिक धावले. त्यांची सरासरी गती धरून हिशोब केला, तर या जादा अंतरासाठी सुमारे २ मिनिटे १३ सेकंद खर्ची पडले. आजच्या अंतरावर तीच धाव २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांच्या आसपास भरली असती. क्रीडाकोशात मात्र २:५०:४५.४ हेच राहणार, कारण कोश वेळ नोंदवतो आणि अंतर गृहीत धरतो.

३/
हे गृहीत धरणे केव्हा व कसे थांबले, रस्त्यावरच्या शर्यतीचे अंतर सिद्ध करून दाखवण्याची रीत कशी घडली, आणि ती आज संगणकावरच्या एका रुक्ष दिसणाऱ्या तक्त्यापर्यंत कशी येऊन पोहोचली, हा या धाग्याचा विषय आहे. विषय कारकुनी वाटेल. परंतु एका जागतिक विक्रमाचा आणि हजारो सामान्य धावपटूंच्या वेळांचा निकाल याच कारकुनीने लावलेला आहे.

४/
प्रथम अंतराची गोष्ट, थोडक्यात. १८९६ साली अथेन्समध्ये मॅरेथॉन सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८ साली लंडनमध्ये विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधील शाही कक्षासमोरपर्यंत २६ मैल ३८५ यार्ड ठरले, तेच ४२.१९५ किलोमीटर. १९१२ साली स्टॉकहोममध्ये ४०.२, १९२० साली अँटवर्पमध्ये ४२.७५. १९२१ साली आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने लंडनचा आकडा कायम केला आणि १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये तोच चालत आला.

कागदावरचा आकडा असा एकदाचा स्थिर झाला. रस्त्यावर तो उतरवायचा कसा, हे मात्र कोणीच नीट सांगितले नव्हते.

५/
चारशे मीटरचा ट्रॅक मोजणे सोपे असते. तो बंदिस्त, सपाट आणि कायमचा असतो. रस्ता वळतो, चढतो, उतरतो, कधी रुंद होतो तर कधी अरुंद. जुने आयोजक मोटारीच्या ओडोमीटरवर भिस्त ठेवत. मोटार आपल्या लेनमधून जाते, धावपटू वळणाच्या आतल्या कडेने जातो. त्यात ओडोमीटरची चूक शेकडा एक-दोन सहज असे. मॅरेथॉनवर एक टक्का म्हणजे ४२२ मीटर. काही जण नकाशावर दोरा ठेवून अंतर काढत, काही जण दांड्याला लावलेले मोजणीचे चाक ढकलत चालत. खडबडीत रस्त्यावर ते चाक उसळते, आणि उसळताना जितके फिरते तितके पुढे सरकत नाही.

सबंध मार्गावर पोलादी फीत अंथरणे हा अचूक उपाय होता. पण रहदारीच्या शहरात बेचाळीस किलोमीटर फीत अंथरायला सवड आणि माणसे कोठून आणणार?

६/
उत्तर आले इंग्लंडमधून. रस्त्यांवरील दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींसाठी १९५२ साली स्थापन झालेल्या रोड रनर्स क्लबचे जॉन जुवेल यांनी १९६१ साली रस्ते मोजण्याच्या पद्धतींवर एक टिपण प्रसिद्ध केले. निरनिराळ्या पद्धतींची तुलना करून त्यांनी साध्या सायकलच्या बाजूने कौल दिला. सायकलच्या पुढच्या चाकाचे फेरे मोजायचे, आणि एका फेऱ्यात किती अंतर कापले जाते हे त्याच दिवशी, त्याच स्वारासह, त्याच हवेच्या दाबावर एका अचूक मोजलेल्या पट्ट्यावर पडताळून घ्यायचे.

या पद्धतीत चाकाचा परीघ किती, हा प्रश्नच विचारला जात नाही. स्वाराचे वजन, टायरमधली हवा, हँडल सरळ धरता येते की थोडे डुलते, या साऱ्यांचा परिणाम पडताळणीच्या आकड्यात आपोआप सामावला जातो.

७/
हे टिपण अटलांटिकपार नेणारा माणूस स्वतः धावपटू होता. टेड कॉर्बिट यांचा जन्म १९१९ साली साउथ कॅरोलायनात, गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबात झाला. आजी-आजोबा गुलाम होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेकडून मॅरेथॉन धावले. अमेरिकेच्या ऑलिंपिक मॅरेथॉन संघातील ते पहिले कृष्णवर्णीय. पेशाने फिजिओथेरपिस्ट. १९५८ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्कमधील रोड रनर्स संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. लंडन ते ब्रायटन ही पन्नासहून अधिक मैलांची शर्यत ते धावले होते, त्यामुळे इंग्लिश मंडळींचे काम त्यांना ठाऊक होते.

१९६४ साली त्यांनी धावमार्गांच्या मोजणीवर एक पुस्तिका काढली. अमेरिकेतील धावमार्गांचे प्रमाणीकरण तेथून सुरू होते. ज्या मार्गाची मोजणी या रीतीने झाली असेल आणि जिचे आकडे समितीने तपासले असतील, त्याच मार्गाला प्रमाणपत्र.

८/
पडताळणीच्या पट्ट्याकडे थोडे अधिक लक्ष देऊ, कारण सारी इमारत त्यावर उभी आहे. निदान तीनशे मीटरचा सरळ, सपाट, वर्दळ नसलेला रस्ता निवडतात. पोलादी फितीने तो मोजतात आणि दोन्ही टोकांना डांबरात खिळे ठोकतात. फितीला ठरावीक ताण द्यावा लागतो आणि तिचे तापमान नोंदवावे लागते. पोलादी फीत २० अंश सेल्सियसला बरोबर असते. उन्हात ती वाढते.

येथे महाराष्ट्राशी एक जुना धागा जुळतो. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन पायारेषा मोजताना आपली पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्या शेजारी तापमापक मांडीत असत. एका अचूक छोट्या रेषेवर अवाढव्य अंतरांचा हिशोब उभारण्याची कल्पना तीच, आणि उष्णतेचे भयही तेच. हे लॅम्बटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे.

९/
उष्णतेने प्रत्यक्षात किती फरक पडतो? पोलाद दर अंशाला दशलक्षात सुमारे ११.६ भाग वाढते. ३५ अंशांच्या दुपारी ३०० मीटर मोजले आणि दुरुस्ती केली नाही, तर पट्टा प्रत्यक्षात ५ सेंटिमीटरने लांब निघतो. हा फरक मॅरेथॉनभर पसरला की सुमारे ७ मीटर होतात. क्षुल्लक म्हणावे असा हा आकडा. पण अशा क्षुल्लक गोष्टी चार-पाच असतात, आणि त्या नेहमी एकमेकींना छेद देतातच असे नाही.

१०/
आरंभीच्या मापकांना चाकाचे पूर्ण फेरे मोजता येत, अपूर्ण फेऱ्यासाठी मात्र आरे मोजावे लागत. १९७१ साली ही अडचण ॲलन जोन्स या आयबीएममधील अभियंत्याने सोडवली. पुढच्या चाकाच्या आसाशी दातेरी चक्र जोडून, एका फेऱ्याला वीस आकडे पुढे सरकतील असा यांत्रिक काउंटर त्यांनी तयार केला. तो जुळवून विकण्याचे काम त्यांचा लहान मुलगा क्लेन घरी करीत असे. एक आकडा म्हणजे जवळपास दहा सेंटिमीटर, वीतभर अंतराच्याही आत. पुढे या यंत्राच्या सुधारित आवृत्त्या आल्या, त्यांत एका फेऱ्याला तेविसाहून थोडे अधिक आकडे पडतात. तत्त्व तेच राहिले. त्यात बॅटरी नाही, पडदा नाही, जीपीएस नाही.

जोन्स काउंटर हे यंत्र म्हणून काही मोठे आश्चर्य नव्हे. परंतु त्यामुळे मोजणीचा कच्चा आकडा निर्माण झाला : कोणीही वाचावा, वहीत उतरवावा आणि दुसऱ्याने तपासावा असा. पुढचा सगळा कागदोपत्री व्यवहार या कच्च्या आकड्याभोवती फिरतो.

११/
आता प्रश्न उरला सायकल नेमकी कोठून चालवायची हा. रस्त्याच्या मधून? धावपटू मधून धावत नाहीत. एका वळणाच्या आतल्या कडेपासून पुढच्या वळणाच्या आतल्या कडेपर्यंत ते तिरपे जातात. म्हणून नियम असा ठरला की धावपटूला कायदेशीरपणे जी सर्वांत आखूड वाट घेता येईल तीच मोजायची, आणि वळणावर फुटपाथच्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखायचे. पूर्वी एक मीटर अंतर राखण्याचा प्रघात होता. सत्तर सेंटिमीटरने काय बिघडते, असे वाटेल. एकाच दिशेने पूर्ण वर्तुळाइतके वळण झाले की ४.४ मीटरचा फरक पडतो. उद्यानातून गोल गोल फिरणाऱ्या मार्गावर अशी वर्तुळे कितीतरी होतात. तिरप्या वाटा न मोजल्याने होणारे नुकसान याहूनही मोठे.

१२/
२५ ऑक्टोबर १९८१. न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन. अल्बर्टो सालाझार २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत जिंकले. ऑस्ट्रेलियाचे डेरेक क्लेटन यांनी १९६९ साली नोंदवलेली २:०८:३३.६ ही बारा वर्षे टिकलेली सर्वोत्तम वेळ मोडली. त्याच दिवशी न्यूझीलंडच्या ॲलिसन रो यांनी २:२५:२९ अशी महिलांची सर्वोत्तम वेळ दिली. सालाझार यांनी आपण विक्रम करणार असे आधीच जाहीर केले होते. त्यामुळे त्या विजयाला वेगळीच झळाळी आली.

१३/
काही वर्षांनी त्या मार्गाची नव्याने, आखूडतम वाटेने मोजणी झाली. मार्ग सुमारे १४८ मीटर कमी भरला. सालाझार यांच्या गतीने १४८ मीटरला २७ सेकंद लागतात. २:०८:१३ मध्ये २७ मिळवा : २:०८:४०. क्लेटन यांच्या वेळेपेक्षा सुमारे सहा सेकंद अधिक. विक्रम पुसला गेला. रो यांचाही गेला.

आणि येथे इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले आहे. क्लेटन यांनी आपली वेळ दिली होती ती अँटवर्पमध्ये, जेथे चौगुले ५५५ मीटर जास्त धावले त्याच शहरात. १९६९ चा तो मार्ग मात्र आखूड असल्याचा संशय अनेक जाणकारांनी व्यक्त केला, आणि तो कधीच पूर्णपणे फिटला नाही. सालाझार यांचा मार्ग पुन्हा मोजता आला म्हणून त्यांचा विक्रम गेला. ही गोष्ट न्यायाची की अन्यायाची, यावर धावपटूंच्या बैठकीत अजूनही वाद झडतात. माझे मत विचाराल तर मोजणीच्या बाजूनेच आहे, पण सालाझार यांच्याविषयी वाईट वाटते हेही खरे. त्यांनी त्या दिवशी कोणालाही फसवले नव्हते. त्यांना आखून दिलेल्या रेषेवरच ते धावले.

१४/
ऐंशीच्या दशकात मापकांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली : सायकलची पद्धत उत्तम असली तरी तिच्यात हजारात एक भागाइतकी चूक राहू शकते. मग ती चूक नेहमी लांबीच्या बाजूला पडेल अशी तजवीज का करू नये? म्हणून प्रत्येक स्थिरांकाला १.००१ ने गुणायचे ठरले. याला आखूड मार्ग टाळण्याचा गुणक म्हणतात. त्यामुळे प्रमाणित मॅरेथॉन मुद्दामच सुमारे ४२ मीटर लांब आखलेली असते. आपण कधी प्रमाणित मार्गावर धावला असाल, तर हे बेचाळीस मीटर आपणही धावला आहात.

१५/
याच काळात कागदपत्रांना शिस्त आली. पोलादी फितीच्या मोजणीचा एक अर्ज. सायकलच्या पडताळणीचा दुसरा : मोजणीपूर्वी चार फेऱ्या, मोजणीनंतर चार फेऱ्या, प्रत्येक फेरीचे आरंभीचे व शेवटचे आकडे, वेळ, तापमान. मार्गाच्या मोजणीचा तिसरा. आणि सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यात सुरुवात, शेवट व परतीच्या जागा जवळच्या विजेच्या खांबापासून किंवा गटाराच्या झाकणापासून किती मीटरवर आहेत याची नोंद. हे सारे प्रादेशिक तपासनिसाकडे टपालाने जाई. तो टेबलावर बसून सगळा हिशोब मुळापासून पुन्हा करी. ओहायोचे अभियंते पीट रीगल यांनी या मंडळींसाठी ‘मेझरमेंट न्यूज’ नावाचे वार्तापत्र चालवले. त्यात लोक आपापले आकडे पाठवत आणि एकमेकांच्या चुका काढत. एका अंतरावरील वेळेवरून दुसऱ्या अंतरावरील वेळेचा अंदाज बांधण्याचे जे सूत्र आज धावपटू वापरतात, ते याच रीगल यांचे.

१६/
हिशोब किती नाजूक असतो हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, ४०० मीटरच्या पट्ट्यावर चार फेऱ्यांत ४५०२, ४५०३, ४५०१ आणि ४५०२ आकडे पडले. सरासरी ४५०२. म्हणजे एका किलोमीटरला ११,२५५. त्याला १.००१ ने गुणले की ११,२६६. या दराने मॅरेथॉन आखायला काउंटर सुमारे पावणेपाच लाख आकडे पुढे जावा लागतो.

आता पहाटे चार वाजता, टॉर्चच्या उजेडात, दमलेल्या मापकाने ११,२५५ ऐवजी ११,२२५ लिहिले. एकाच अंकाची चूक. मार्ग ११२ मीटरने आखूड आखला जाईल. १.००१ चा गुणक त्यातले ४२ मीटर भरून काढील, उरलेले ७० मीटर कोणीही भरून काढणार नाही. आणि हे कोणालाही दिसणार नाही, कारण मार्ग दिसायला अगदी पूर्ण असतो.

१७/
१९७९ साली व्हिसिकॅल्क हे संगणकावरील पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट बाजारात आले, आणि पुढे एक्सेल घरोघरी पोहोचले. मापकांचे अर्ज या चौकटींसाठीच जन्मले होते असे वाटावे, इतके ते त्यांत चपखल बसले. फितीचे तापमान एका चौकटीत लिहा, दुरुस्त लांबी शेजारच्या चौकटीत येते. चार फेऱ्यांचे आकडे भरा, स्थिरांक आपोआप येतो, गुणकासह. प्रत्येक किलोमीटरच्या खुणेसाठी काउंटर कोठे थांबला पाहिजे याची यादी मोजणीपूर्वीच छापून खिशात ठेवता येते. आज अमेरिकेतील मापन-परिषदेचे अर्ज संगणकावर भरता येतील अशा स्वरूपात मिळतात. प्रमाणित मार्गांचे नकाशेही कोणालाही पाहता येतात.

१८/
या तक्त्यांनी वेळ वाचवला हे उघड आहे. पण मला त्यांचा खरा उपयोग निराळा वाटतो. पूर्वी आयोजक सांगे, मार्ग अमुक गृहस्थांनी मोजला आहे. त्या गृहस्थांच्या लौकिकावर सारे अवलंबून असे. तक्ता निष्कर्ष मागत नाही, कच्चे आकडे मागतो. काउंटर सुरुवातीला किती होता, शेवटी किती होता, तेव्हा ऊन किती होते. हे आकडे एकदा नोंदले गेले की मापकाला कधीही न भेटलेला माणूस दुसऱ्या शहरात बसून सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा करू शकतो. चार फेऱ्यांतील एखादी फेरी इतरांपासून फटकून असेल तर ती लगेच नजरेत भरते. चारही फेऱ्या एका आकड्याचाही फरक न होता जुळल्या, तर अनुभवी तपासनीस उलट अधिकच साशंक होतो.

१९/
तक्त्यामागच्या नियमांतही शहाणपण आहे. सकाळच्या गारव्यात टायर थोडा लहान असतो, ऊन चढले की फुगतो आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. म्हणून मोजणीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन स्थिरांक काढतात, आणि अमेरिकेतील रीतीनुसार त्यांतील मोठा धरतात. चूक झाली तर लांबीच्या बाजूला व्हावी. एकच मार्ग दोनदा मोजला तर दोन्ही मापे ०.०८ टक्क्यांच्या आत जुळावी लागतात, आणि त्यांतील कमी माप खरे धरतात. कारण साधे आहे. सायकलस्वार डुलला, खड्डा चुकवायला बाजूला सरला, तर आकडे वाढतात. ज्याचे आकडे कमी तो आखूडतम वाटेच्या अधिक जवळून गेला.

२०/
मात्र तक्त्याला रस्ता दिसत नाही. आखूडतम वाट मोजली की नाही हे त्याला कळत नाही. पट्ट्याची लांबी ३०० लिहिली आणि खिळे २९७ मीटरवर असले तर तो निमूटपणे पुढचा सगळा हिशोब चार दशांशांपर्यंत चुकीचा करून देतो. एखाद्या चौकटीतील सूत्र चुकून पुसले जाऊन तेथे जुन्या शर्यतीचा आकडा राहिला, तरी तक्ता तितकाच देखणा दिसतो. आणि शर्यतीच्या दिवशी स्वयंसेवकाने वळणाचा शंकू भलत्याच ठिकाणी ठेवला, तर त्यापुढे एक्सेल हतबल आहे. बँकॉकमध्ये २०१५ साली अर्धमॅरेथॉनच्या धावपटूंना परतीची जागा चुकीची दाखवली गेली आणि २१ ऐवजी सुमारे २७ किलोमीटर धावावे लागले.

२१/
एप्रिल २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये जाहीर झाले की मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटर आखूड होती. सुमारे २४,००० धावपटूंच्या वेळा एका दिवसात मॅरेथॉनच्या राहिल्या नाहीत. हजारात एक या मर्यादेच्या नऊपट ही तूट होती, म्हणजे तापमानाने किंवा टायरने घडणारी ती नव्हे.

त्या २४,००० जणांत विक्रमवीर फारसे नव्हते. चार तासांच्या आत पहिल्यांदा आलेली माणसे होती. त्या वेळेच्या बळावर दुसऱ्या मोठ्या शर्यतीत प्रवेश मिळवलेले होते. ३:५८ ची वेळ भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या माणसाने ३८० मीटरला दोनेक मिनिटे धरून पाहावीत, म्हणजे काय गेले ते कळेल.

२२/
हे वाचून काहींना आपले जीपीएस घड्याळ आठवले असेल. अनेकांचे घड्याळ मॅरेथॉन संपताना ४२.६ किंवा ४२.८ दाखवते, आणि मग समाजमाध्यमांवर आयोजकांची हजेरी घेतली जाते. घड्याळ काही सेकंदांनी उपग्रहांवरून आपली जागा ठरवते. ती जागा दर वेळी काही मीटर इकडेतिकडे असते, आणि असे वाकडेतिकडे ठिपके जोडले की रेषा लांबते. उंच इमारतींत तर विचारूच नका. शिवाय गर्दीत कोणीही आखूडतम वाटेने धावत नाही, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, पुढच्याला ओलांडायला बाहेर सरतो. त्यामुळे घड्याळाने जास्त दाखवले म्हणून मार्ग लांब ठरत नाही. घड्याळाने बरोबर ४२.१९५ दाखवले तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

२३/
नुसती लांबी बरोबर असणेही विक्रमाला पुरत नाही. १८ एप्रिल २०११ रोजी बॉस्टनमध्ये जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये आले. त्या वेळचा विश्वविक्रम २:०३:५९ होता. तरीही ही वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही. नियमानुसार आरंभ आणि शेवट यांच्यातील हवाई अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये, म्हणजे सबंध वाट पाठीवरच्या वाऱ्याने ढकलून नेता येऊ नये. आणि मार्ग किलोमीटरमागे सरासरी एक मीटरहून अधिक उतरता कामा नये. बॉस्टन एका गावातून दुसऱ्या शहरात जाणारी, किलोमीटरमागे तीन मीटरांहून अधिक उतरणारी शर्यत आहे. हे दोन आकडेही प्रमाणपत्रावरच लिहिलेले असतात.

२४/
आश्चर्य वाटेल, पण रस्त्यावरील शर्यतींच्या वेळांना आंतरराष्ट्रीय महासंघ २००३ च्या अखेरपर्यंत ‘विश्वविक्रम’ म्हणतच नव्हता, ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणत असे. १ जानेवारी २००४ पासून हा शब्द अधिकृत झाला आणि पॉल टेरगट यांची बर्लिनमधील २:०४:५५ ही पुरुषांच्या मॅरेथॉनची पहिली मान्य वेळ ठरली. जुवेल यांच्या टिपणाला तोवर बेचाळीस वर्षे झाली होती. आता विक्रमासाठी महासंघाने मान्यता दिलेल्या मापकानेच मार्ग मोजलेला असावा लागतो, आणि शर्यत त्याच मोजलेल्या वाटेने झाली याचीही खातरजमा व्हावी लागते.

२५/
मुंबई मॅरेथॉनसह भारतातील मोठ्या शर्यतींचे मार्ग आज याच पद्धतीने मोजले जातात. काम रात्री किंवा पहाटे चालते, कारण तेव्हाच रस्ता मोकळा मिळतो. पुढे मागे पोलिसांची गाडी, मध्ये एक सायकलस्वार, जो वळणावर विरुद्ध दिशेच्या लेनमध्येही कडेला चिकटून जातो आणि दर थोड्या वेळाने उतरून काउंटर वाचतो. फूटपाथवर झोपलेला एखादा माणूस कूस बदलून त्याच्याकडे पाहतो. उजाडल्यावर पुन्हा त्या दोन खिळ्यांमध्ये चार फेऱ्या होतात, तापमान लिहिले जाते, आणि आकडे तक्त्यात भरले जातात.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. दरम्यान मेट्रोचा खांब उभा राहिला, दुभाजक हलला किंवा चौकात नवे वर्तुळ बांधले, तर मुदतीची वाट न पाहता सायकल पुन्हा बाहेर काढावी लागते.